काय न्हाय, असं सांगा

वारकरी माउलींनो,



जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आमच्या ओसरीवरून उठलात, ती पहाट अजून डोळ्यांपुढे आहे. काकडा झाला होता. पातेली ट्रकमध्ये चढली होती. बायकांनी ओल्या लुगड्यांचे पिळे पिशव्यांत कोंबले होते आणि वीणेकरी बुवा दरवर्षीसारखे दारात थांबले होते. ते थांबतात आणि दरवर्षी एकच विचारतात, "आई, यंदा पांडुरंगाला काय सांगू?"

सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे, ह्यांनी गोठ्याकडे. कुणालाच काही सुचेना. मग सासूबाई म्हणाल्या, "काय न्हाय."

"काय न्हाय म्हंजे?" बुवा हसले.

"म्हंजे काय न्हाय! काय न्हाय, असं सांगा." त्या जरा चिडल्याच. बुवांनी मान डोलावली, वीणा गळ्यात नीट केली आणि ते निघाले. बाहेर रस्त्यावर पताकांची रांग लागली होती, त्यात ते दिसेनासे झाले.

तो निरोप विठोबाला पोचला की वाटेत माळशिरसच्या धुळीत पडला, देव जाणे. पण तो अपुरा होता, हे मला तेव्हापासून टोचतं आहे. बुवांच्या पत्त्यावर साधं पत्र टाकता आलं असतं. पण माउलींच्या पालखीबरोबर मराठवाड्यातून येणाऱ्या दिंड्या काय एक-दोन आहेत? आणि आमच्यासारख्या ओसऱ्याही या वाटेवर पुष्कळ आहेत. जे मला म्हणायचं आहे ते त्यांच्याही कानावर जावं, म्हणून हे उघड लिहिते आहे.

आमचं घर माहीत नसणाऱ्यांसाठी एवढं सांगते. लोणंदचा मुक्काम हलला की चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं आणि संध्याकाळी पालखी तरडगावच्या तळावर येते. आम्ही तळाच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन रानं आत राहतो. परांड्याकडची ही दिंडी सासऱ्यांच्या वेळेपासून, म्हणजे मी या घरात लग्न होऊन येण्याच्याही आधीपासून, त्या रात्री आमच्याकडे उतरते. साठ-सत्तर माणसं असतात. आम्ही देतो काय? जागा, अंघोळीला दोन पिंपं गरम पाणी, चुलीला जळण, आणि अलीकडे मोबाइलसाठी एक्स्टेन्शन बोर्ड. यंदा ओसरीच्या एका बोर्डावर बावीस फोन लागले होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीवर नाव. लोक याला सेवा म्हणतात. खरं सांगायचं तर त्या एका रात्री आमच्या घरात कुणाला भांडायला सवड नसते, हा आमचाच मोठा फायदा.

तर निरोपाविषयी. आमचं वर्ष आषाढी ते आषाढी. पाडवा येतो, जानेवारी येतो, शाळेत असताना जूनही यायचा. पण घराचा हिशोब तुम्ही येता त्या रात्रीपासून पुढच्या त्याच रात्रीपर्यंत. त्या हिशोबात दरवर्षी काहीतरी मागणं निघायचंच. 2022 साली, कोरोनाच्या दोन वर्षांच्या खंडानंतर तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हा ह्यांच्या छातीत नुकतेच दोन स्टेंट बसले होते. त्या वर्षी निरोप होता, "ह्यांना जपा." 2023 ला तुम्ही गेलात आणि पावसानं ओढ दिली, ऑगस्ट अख्खा कोरडा गेला, विहिरीचा तळ दिसला; ऑक्टोबरअखेर सरकारनं 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्या पहिल्या यादीत फलटण नव्हता. त्यामुळे 2024 चा निरोप पाण्याचाच होता, आणि जोडीला पोराच्या कामाचा, कारण त्याचं शिरवळच्या कारखान्यातलं कंत्राट संपलं होतं. बुवांनी एकदा मला सुनावलं होतं की वारकऱ्यांत नवसाला मान नाही. मी म्हटलं, नवस कुठं, नुसता निरोप आहे. ते म्हणाले, "निरोपाच्या पिशवीत नवसच आसतोय, ताई."

2021 चा निरोप मात्र गेलाच नाही. त्या वर्षीच्या एप्रिलात सासरे गेले. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि ओसरी सलग दुसऱ्या वर्षी मोकळी राहिली. ज्या वर्षी सांगायला सगळ्यात जास्त होतं, त्या वर्षी निरोप न्यायलाच कुणी आलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात एकाच खिळ्यावर सगळी कालनिर्णयं टांगलेली आहेत. नवं वर्ष आलं की सासूबाई जुनं काढत नाहीत, त्यावरच नवं अडकवतात. खिळा आता वाकला आहे. तुम्ही गेलात त्या दुपारी "काय न्हाय" म्हणजे नेमकं काय, हे बघायला मी तो गठ्ठा खाली काढला.

2021 चा एप्रिल. चौकटींत माझ्याच अक्षरात सासऱ्यांच्या ऑक्सिजनचे आकडे आहेत: 96, 95, 93, 91, 88. शाळेतली सवय, सगळं नोंदवायचं. 88 नंतरची चौकट कोरी आहे, त्यापुढच्याही कोऱ्या. 2022 च्या मे महिन्यात गोळ्यांच्या वेळा. 2023 च्या सप्टेंबरात टँकरचे दिवस.

आणि गेल्या वर्षाची पानं? जुलै 2024 पासून जून 2025 पर्यंत मी एकेक चौकट वाचत गेले. "गॅस आला." "दळण." "कपिला भरवली." "लाईट बिल." "दूध 2 लि. जादा, पाहुणे." "मोतीबिंदू तपासणी, आत्या, अजून पिकला नाही." (आत्या म्हणजे सासूबाई.) "गॅस आला." फेब्रुवारीत एका चौकटीत फक्त "हुरडा" लिहिलं आहे आणि त्याच्याखाली नातवानं काढलेलं काहीतरी, ते कणीस आहे की रॉकेट, कळत नाही. डिसेंबरात ह्यांची तपासणी होती. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, पाठीवर थाप मारली आणि "आता एकदम पुढच्या वर्षी या" म्हणाले. ते मी लिहिलंसुद्धा नाही. वाईट असतं तर नक्की लिहिलं असतं.

मला जरा लाज वाटली. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मुलांचे निबंध तपासले. "माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग" या विषयावर कितीतरी वह्या वाचल्या. कुणी विहिरीत पडलं होतं, कुणाचा बैल गेला होता, एकाला तर वाघ दिसला होता. (आमच्याकडे वाघ नाही. मी तरी त्याला सात गुण दिले.) पण विसरून जावं अशा दिवसावर निबंध लिहायला मी कधी एकाही मुलाला सांगितलं नाही. भरपूर दिवस तसलेच असतात आणि घर त्यांच्यावरच उभं असतं, हे शाळेत असताना माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता कुणी म्हणेल, वर्ष बरं गेलं तर बुवांना सरळ तसं सांगायचं. माउलींनो, तुम्हाला ठाऊक आहे, ते इतकं सोपं नसतं. आमच्या भागात "कसं काय?" विचारलं तर "उत्तम" असं उत्तर देणारा माणूस मी पाहिला नाही. "चाललंय" म्हणायचं. फार झालं तर "बरं हाय, देवाच्या किरपेनं." बरं चाललंय हे तोंडानं बोललं की दृष्ट लागते. सासूबाईंचं "काय न्हाय" हे त्यातलंच. त्यांना म्हणायचं होतं की सगळं आहे, पण ते मोजू नका, त्यावर बोट ठेवू नका. आणि मी इथे छापील कागदावर बोट ठेवते आहे. आत्यांना कळलं तर मीठमोहऱ्या माझ्यावरूनच उतरतील.

त्यांची भीती अगदीच खुळी नाही. मेअखेरीस पाऊस आला ना, महाराष्ट्रात इतक्या लवकर मान्सून पोचल्याचं मला तरी आठवत नाही. फलटणकडे त्यानं झोडपून काढलं. एका रात्री ओढा पात्र सोडून रानात आला. आम्ही बॅटरी घेऊन गोठ्यापाशी उभे होतो. गोठ्याला तीन पायऱ्या आहेत. पाणी पहिली चढलं, दुसरी चढलं, आणि तिसरीला लागून थांबलं. तासभर तिथंच लपलपत राहिलं, मग उतरलं. पलीकडच्या भावकीतल्या घराची कांद्याची चाळ सखल जागी होती. त्यांचा वर्षभराचा कांदा चार दिवसांत नासला. त्याचा वास आमच्या घरात पंधरा दिवस येत होता. कॅलेंडरात त्या दिवशी मी काय लिहिलंय? "पाऊस. गायी सुखरूप." आमचं शांत वर्ष एका पायरीएवढं होतं. त्यात आमची काय पुण्याई? सासऱ्यांच्या वडिलांनी गोठा बांधताना दगड जरा जास्त आणले, एवढंच.

मग आभार कुणाचे मानायचे, हा प्रश्न आहेच. मी काही फार भाविक बाई नाही, आणि हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. सासरे गेल्यावर जवळपास वर्षभर मी हरिपाठाला बसले नाही. संध्याकाळी सासूबाई देवापुढे टाळ घेऊन बसायच्या आणि मी मुद्दाम त्याच वेळी भांडी घासायला काढायचे. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला राग होता. देवावर की दवाखान्यातल्या त्या रांगेवर, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. कुठला साक्षात्कार वगैरे होऊन मी परत बसले नाही. झालं असं की सासूबाईंचा आवाज बसायला लागला. एक चरण त्या म्हणायच्या आणि दुसऱ्याला दम पुरायचा नाही. अर्ध्यावर सोडून दिलेलं चरण ऐकत भांडी घासणं मला जमेना. एक दिवस राखेच्या हातांनीच दारात उभी राहून मी पुढचं म्हटलं. दुसऱ्या दिवशी हात धुऊन म्हटलं. माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच आहे: कुणाचं तरी चरण अर्धं राहतं आणि ते आपल्याला पाठ असतं.

गेल्या वर्षी तो हरिपाठ एकाही दिवशी चुकला नाही. त्यात नातू जांभया देतो, हे मधेच उठून मोटर बंद करायला जातात, लेकीचा बारामतीहून साडेआठचा फोन अगदी त्याच वेळी येतो. "काय केलंस?" "मेथी." "बरं, ठेवते." यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पण ज्या घरात कधीकाळी फोन वाजला की सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा, तिथं फोनवर फक्त मेथी ऐकू येते, याचं मोल आम्हाला कळतं.

देवाखेरीज आणखीही काही जणांना आभारांतला वाटा जातो. लम्पीची लस घेऊन वेळेवर दारात येणारा पशुसंवर्धन खात्यातला पोरगा. रात्री दोनला डीपीवर चढलेला वायरमन. बीपीची गोळी घेतली का, म्हणून रस्त्यातून ओरडून विचारणारी आशाताई. त्यांचे आभार त्यांच्या तोंडावर मानले आहेत, आणि दिवाळीला फराळाचे डबेही पोचते केले. ते काम अवघड नसतं. घडलंच नाही त्याचे आभार मानायचे, तर मात्र डबा कुणाच्या दारी न्यायचा, तेवढं कळत नाही.

हे उत्तर मला तुमच्याच तळावर सापडलं, तुम्ही यायच्या दिवशी संध्याकाळीच. फक्त तेव्हा उमगलं नाही.

समाज आरती मी लहानपणापासून पाहत आले आहे, तरी दरवर्षी जाते. पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात. लाखो माणसं, हजारो टाळ, मृदंग, नुसता गजर. मग चोपदार दंड वर करतात आणि लांब "होऽऽ" असा पुकारा होतो. आणि सगळं थांबतं. इतक्या माणसांचा आवाज एका क्षणात थांबतो तेव्हा लांबच्या झाडावरचे कावळे ऐकू येतात. बाहेरच्यांना वाटतं, आरतीसाठी ही शांतता. तसं नाही. ज्या दिंडीला त्या दिवशी काही तक्रार असते, कुणाचं पाणी आलं नाही, कुणाच्या जागेवर दुसरी राहुटी लागली, कुणाला वाटेत धक्काबुक्की झाली, ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळा तळ गप्प आणि एका कोपऱ्यात टाळ वाजतोय. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, तक्रार पुढे सांगतात, तिचा निवाडा होतो. नंतर काय हरवलं, काय सापडलं, उद्या किती वाजता निघायचं, ते पुकारतात. त्यानंतर आरती.

ही रीत हैबतबाबांच्या शिस्तीतली असं म्हणतात. ते आमच्या साताऱ्याकडचे, आरफळचे, शिंद्यांच्या पदरी राहिलेले सरदार. फौजेतल्या माणसालाच असं सुचू शकतं. यंदा तरडगावच्या तळावर माझ्या शेजारी एक पुण्याची बाई उभी होती, पहिल्यांदाच आलेली. एका दिंडीचा टाळ चालू राहिला तेव्हा ती कुजबुजली, "त्यांना कळलं नाही वाटतं थांबायचं." मी तिला सांगितलं, त्यांना कळलंय, म्हणूनच वाजवतायत. थांबलेत ते ऐकायला थांबलेत.

बोलून गेले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी सासूबाई "काय न्हाय" म्हणाल्या, तुम्ही निघून गेलात, मी कॅलेंडर चाळलं, आणि आमच्या घरानं यंदा टाळ थांबवला आहे एवढंच मनाशी म्हणून मी खूश झाले. बरं वाटलं. तेवढ्यावर राहिलं.

मग सप्टेंबर आला.

22 तारखेला घट बसले. आमच्याकडे घटाला विहिरीजवळच्या रानातली काळी माती आणतात. पत्रावळीवर पसरायची, त्यात धान्य पेरायचं, वर कळशी. माती मी आणली. चाळता चाळता टीव्हीवर सीना नदी दिसत होती. परांडा, भूम, करमाळा, माढा. घराच्या छपरांवर माणसं बसलेली. पाण्यातून फुगून चाललेली जनावरं. सोयाबीन कुठं आहे तेच दिसेना. मी बुवांना फोन लावला, लागला नाही. दिंडीतल्या ज्या आजी दरवर्षी माझ्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या हातानं मीठ शोधतात, त्यांच्या सुनेचा नंबर होता, तोही लागला नाही. चौथ्या दिवशी आजींचाच फोन आला, कुणाच्यातरी मोबाइलवरून.

माणसं सगळी होती. दोन म्हशी गेल्या. नदीकाठचं रान खरडून गेलं, खाली मुरूम उघडा पडला. मी विचारायचं म्हणून विचारलं, घट बसवले का. त्या म्हणाल्या, "बसवलं बाई. पर घटाला माती सुदिक दुसऱ्याच्या रानातनं आनली."

मला पुढे बोलता आलं नाही. आत देवघरात आमच्या मातीला मोड आले होते, चांगले बोटभर.

माउलींनो, इथे माझं गणित चुकलं. आमचं वर्ष बरं गेलं ही देवाची कृपा म्हणायची, तर आजींचं रान गेलं त्याला काय म्हणायचं? त्या तर माझ्याहून कितीतरी जास्त वाऱ्या चालल्या आहेत, आणि मी एकही पूर्ण वारी केलेली नाही, फक्त एका रात्रीचं पाणी तापवलं आहे. मिळालेल्या कृपेचा हिशोब असा मांडायला गेलं की तो लगेच ओंगळ होतो. मी सासूबाईंना हे बोलून दाखवलं. मला वाटलं, त्या काहीतरी प्रारब्ध वगैरे सांगतील. त्यांनी विचारलं, "आजी रडत व्हती का?"

"नाही."

"मग तू का रडतीस? फोन लाव आनी इचार, दिंडीची भिशी किती आन कवा भरायची आसती."

मला तेव्हा लख्ख आठवला तो तळ. एका कोपऱ्यात टाळ वाजतोय आणि बाकी सगळे गप्प. आमच्या घराला यंदा शांतता मिळाली होती आणि मी तिला बक्षीस समजून बसले होते. ती तशी नव्हती. कुणाचा टाळ वाजतोय ते ऐकू यावं म्हणून बाकीच्यांना गप्प राहावं लागतं. यंदा गप्प राहणाऱ्यांत आमची पाळी होती. पुढच्या वर्षी कदाचित आमचा टाळ वाजत असेल, आणि तुम्ही थांबलेले असाल. 2021 साली आमचा वाजतच होता, फक्त तळ नव्हता.

तर आता कामाचं.

गावातून ऑक्टोबरच्या सुरुवातीला वैरणीची पिकअप तुमच्याकडे गेली, त्यात आमच्या शंभर पेंढ्या कडबा होता. तो मदत म्हणून दिला, गावानं दिला, त्याचं काही नाही. सरकारनंही 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातलं तुमच्या बांधावर कधी आणि किती पोचेल, ते तुम्हीच सांगू शकाल. मला वेगळंच म्हणायचं आहे. दिवाळीनंतर बुवांचा फोन झाला. ते म्हणाले, पुढच्या वारीला निम्मी माणसं गळतील. भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, भरायला पैसे नाहीत, आणि रान नीट केल्याशिवाय घर सोडून वीस दिवस चालायला कुणाचं मन होणार नाही. काही जणांनी नावं काढून टाका म्हणून सांगितलंसुद्धा.

नावं काढू नका. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच आहे. रानात गाळ आणून टाकायचा, बांध घालायचा, बी आणायचं, हे सगळं आषाढीआधी उरकेल असं मी म्हणत नाही. ज्यांना घर सोडता येत नसेल त्यांनी खुशाल सोडू नये, विठोबा कुठं पळून जात नाही. पण केवळ भिशीपायी कुणी मागं राहू नये. आमच्या घरातून सहा माणसांची भिशी आम्ही भरतो. सहा का? आत्यांच्या पेन्शनीतून दोघांची, माझ्या पेन्शनीतून तिघांची, आणि ह्यांनी दुधाच्या पगारातून एकाची कबूल केली आहे. आधी कुरकुरले, पण केली. कुणाची भरली ते आम्हाला कळायला नको. बुवांनी वहीत काय लिहायचं ते लिहावं.

आणि वाटेवरच्या ओसऱ्यांनो, लोणंदच्या, तरडगावच्या, बरडच्या, नातेपुत्याच्या, तुम्हालाही. तुमच्याकडे उतरणारी दिंडी कुठल्या गावची आहे, ते बघा. भूम-परांड्याची असेल, बीडकडची असेल, लातूर-नांदेडची असेल, तर पालखी यायची वाट न बघता आत्ताच फोन करा. तुमचं वर्ष बरं गेलं असेल तर ते कुणाला सांगू नका हवं तर, दृष्ट लागते. पण एखाद-दुसऱ्याची भिशी भरा. हे दान नाही आणि नवसही नाही. त्याला नाव काय द्यायचं, यावर माझ्या घरात अजून एकमत झालेलं नाही.

बुवांना एक निरोप. यंदा पांडुरंगाला काय सांगू, असं विचारलंत, त्याचं उरलेलं उत्तर असं: आमच्याकडे काय न्हाय, हे खरं आहे. गॅस वेळेवर आला, कपिलेला कालवड झाली, मोतीबिंदू अजून पिकला नाही, मेथी बरी आली. पाणी तिसऱ्या पायरीला थांबलं. हे सगळं त्याच्या कानावर घाला. आणि त्याचबरोबर विचारा, की आजींचं रान कधी भरून निघणार. तेवढं उत्तर आलं की कळवा.

आजींना सांगा, मिठाची बरणी फडताळातून काढून चुलीजवळच्या फळीवर ठेवली आहे, आता शोधावी लागणार नाही. आणि घटातली माती मी विसर्जनाला नेली नाही. परसात एका डालग्यात ठेवली आहे. मूठभरच आहे, तिनं रान काही भरायचं नाही. तरी येताना पिशवी आणा.

ट्रक लोणंदहून वळला की फोन करा. दोन पिंपं पाणी तापायला दीड तास लागतो.

तुमची,
तरडगावच्या अलीकडच्या ओसरीवरची सून